दापोलीचे पगार, आंजर्ल्याची कलमे

आंजर्ल्याला लागून मुर्डी आहे. रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे तिथले, जन्म १८७६ चा. केंब्रिजमध्ये १८९९ साली सीनियर रँग्लर होणारे ते पहिले भारतीय आणि पुढे लखनौ व पुणे या दोन विद्यापीठांचे कुलगुरू. खाडीपलीकडे हर्णै, हर्णैच्या पुढे मुरुड. धोंडो केशव कर्वे त्या मुरुडचे. सरकारी परीक्षेला बसण्यासाठी ते लहानपणी मुरुडहून साताऱ्याला पायी गेले आणि वयाने लहान दिसतात म्हणून परीक्षेला न बसताच परत आले, ही हकीकत बहुतेकांना ठाऊक असते. त्यांनी १९१६ साली महिलांचे विद्यापीठ काढले, ते पुण्यात. दापोलीच्या मिशन शाळेतून मॅट्रिक झालेले पां. वा. काणे मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले. एवढ्याशा मुलखाने विद्यापीठे चालवणारी माणसे बाहेर पाठवली. मुलखात विद्यापीठ यायला मात्र १९७२ साल उजाडले.

ते विद्यापीठ म्हणजे दापोलीचे कोकण कृषी विद्यापीठ. मी आंजर्ल्याचा, दापोलीपासून वीस-बावीस किलोमीटरवरचा. लहानपणी आमच्याकडे ‘अमक्याचा मुलगा विद्यापीठात लागला’ असे कोणी म्हणाले, तर त्याचा अर्थ त्याला प्रवेश मिळाला असा होत नसे. नोकरी लागली असा होई. शिपाई, माळी, ट्रॅक्टरचा ड्रायव्हर, प्रयोगशाळेतला मदतनीस, कारकून. शिकायला जाण्याची जागा म्हणून विद्यापीठ आम्हाला नंतर कळले, पगाराची जागा म्हणून आधी.

विद्यापीठ आपल्या परिसराचा रोजगार कसा बदलते, या प्रश्नाचे उत्तर शोधताना बहुतेक जण पगाराच्याच बाजूने सुरुवात करतात. मीही तशीच केली होती. पण गेली काही वर्षे हा हिशेब डोक्यात घोळवताना माझे मत बदलले. दापोली शहराला विद्यापीठाने दिला तो पगार. आंजर्ल्यासारख्या गावांना दिले ते हातातले कसब. दोन्ही गोष्टींचा परिणाम वेगळा, वेग वेगळा आणि मर्यादाही वेगळ्या. त्या तीनही सांगाव्यात एवढ्यासाठी हा लेख.

विद्यापीठ आले कसे

कृषी विद्यापीठ ही कल्पना मूळची आपली नव्हे. अमेरिकेत १८६२ साली मॉरिल कायदा झाला. त्यानुसार केंद्र सरकारने राज्यांना जमिनी दिल्या आणि त्यांच्या विक्रीतून शेती व यंत्रविद्या शिकवणारी महाविद्यालये निघाली. शिक्षण, संशोधन आणि शेतकऱ्यापर्यंत विस्तार ही तिन्ही कामे एकाच संस्थेने करायची, हे त्या धाटणीचे सूत्र. स्वातंत्र्यानंतर ते भारताने उचलले आणि पंतनगरला १९६० साली देशातले पहिले कृषी विद्यापीठ उभे राहिले. महाराष्ट्रात १९६८ मध्ये राहुरीला सुरुवात झाली. विदर्भाला स्वतःचे विद्यापीठ हवे होते. त्यासाठी अकोल्यात आंदोलन पेटले, गोळीबार झाला आणि माणसे मेली. १९६९ मध्ये अकोल्याचे विद्यापीठ झाले. १९७२ मध्ये मराठवाड्याला परभणीचे आणि कोकणाला दापोलीचे मिळाले. दापोलीची तारीख १८ मे १९७२. कृषी महाविद्यालय तिथे १९६५ पासूनच होते. २००१ साली विद्यापीठाला डॉ. बाळासाहेब सावंत यांचे नाव देण्यात आले.

हे एकाच आवारात मावणारे विद्यापीठ नाही. वेंगुर्ल्याचे फळ संशोधन केंद्र, रत्नागिरीजवळ भाट्ये येथील नारळाचे, श्रीवर्धनचे सुपारीचे, कर्जतचे भाताचे अशी केंद्रे किनाऱ्यावर आणि घाटाखाली पसरलेली आहेत. यातली काही विद्यापीठाहून जुनी आहेत. भाट्ये आणि वेंगुर्ल्याची केंद्रे १९५० च्या दशकातली, कर्जतचे त्याहूनही आधीचे. विद्यापीठाने त्यांना एका छपराखाली आणले. त्यामुळे ‘परिसर’ म्हणजे काय, हा प्रश्न दापोलीपुरता ठेवून चालत नाही.

पगाराचा पैसा किती फिरतो

दापोलीला बाहेरच्या पैशावर जगण्याची सवय जुनी आहे. १८१८ नंतर इंग्रजांनी या थंड हवेच्या माळावर छावणी केली. ‘कँप दापोली’ हे नाव त्यातूनच आले. छावणी हलल्यावर निवृत्त शिपायांची वस्ती राहिली. सुभेदार रामजी आंबेडकर सेवानिवृत्तीनंतर कुटुंब घेऊन काही काळ दापोलीला येऊन राहिले, तेही त्याच पेन्शनर वस्तीच्या ओढीने. दापोलीची बाजारपेठ आधी पेन्शनवर चालली, मग मुंबईच्या मनीऑर्डरीवर आणि १९७२ नंतर तिला विद्यापीठाच्या पगाराची जोड मिळाली.

पेन्शन, मनीऑर्डर आणि पगार यांत एक साम्य आहे. हा पैसा गावात तयार होत नाही, बाहेरून येतो. तो आल्यावर काय होते, हे अर्थशास्त्रात गुणकाच्या कल्पनेने सांगतात. उदाहरणादाखल समजा, प्राध्यापकाने शंभर रुपये दापोलीत खर्च केले. त्यांतले चाळीस रुपये स्थानिक माणसाच्या खिशात राहिले आणि त्याने ते पुन्हा दापोलीतच खर्च केले. त्याच्याही चाळीस रुपयांतले चाळीस टक्के, म्हणजे सोळा, गावात राहिले. मग साडेसहाच्या आसपास. ही बेरीज शेवटी १६७ रुपयांवर थांबते. म्हणजे शंभर रुपयांनी गावात सदुसष्ट रुपयांची जादा उलाढाल केली. पण चाळीसऐवजी वीसच रुपये गावात राहत असतील, तर बेरीज १२५ वर थांबते. सगळा प्रश्न गळतीचा आहे.

दापोलीत गळती कुठे होते, हे बाजारात एक फेरी मारली तरी दिसते. भाजी घाटावरून येते. किराणा, कापड, औषधे, मोटारसायकली, सिमेंट बाहेरून येते. दुकानदाराचा नफा तेवढा गावात राहतो. गावात राहणारा पैसा मुख्यतः चार ठिकाणी जातो: घरभाडे, खानावळ, दूध-मासळी आणि घरकामाला व बागकामाला येणाऱ्या माणसांची मजुरी. विद्यार्थ्यांचा पैसाही यांतच फिरतो. कृषी पदवीचे प्रवेश राज्यपातळीवर होतात, म्हणून घाटावरची, मराठवाड्यातली, विदर्भातली मुले दापोलीत येतात. त्यांच्यासाठी खोल्या बांधल्या गेल्या, डबे सुरू झाले, झेरॉक्सची दुकाने निघाली. हर्णै बंदरावरची मासळी डोक्यावरच्या पाटीतून दापोलीला नेणाऱ्या बायकांना महिन्याच्या पहिल्या आठवड्यात गिऱ्हाईक जास्त असते, ते पगारामुळेच.

हा फायदा खरा आहे, पण तो शहराच्या वेशीपाशी विरळ होतो. आंजर्ल्यापर्यंत त्यातले फार थोडे येते. विद्यापीठातली नोकरी मिळालेले घर असेल तर त्या घराचे चित्र पालटते: पक्के छप्पर, मुलांचे शिक्षण, म्हातारपणाची पेन्शन. शेजारच्या घराला मात्र त्यातून फारसे काही लाभत नाही. आणि पगाराच्या वाटेला दुसरेही एक भय आहे: तो सरकारच्या हातात असतो. राज्यातल्या कृषी विद्यापीठांत भरती रखडते, पदे रिक्त राहतात, निवृत्त माणसाच्या जागी नवा येत नाही. तेव्हा शहराचा तेवढा पैसा आटतो आणि बाजारपेठेला त्यावर काहीच करता येत नाही.

जुलै महिन्यातली कोय

दुसरा हिशेब कलमांचा आहे आणि तो मला अधिक महत्त्वाचा वाटतो.

हापूसची कोय लावली तर हापूस येईलच अशी खात्री नसते. म्हणून कलम करावे लागते. जुनी पद्धत भेट कलमाची. रायवळ आंब्याचे रोप कुंडीत वाढवायचे, ते हापूसच्या झाडापाशी नेऊन, गरज पडली तर माच बांधून, फांदीच्या उंचीवर ठेवायचे आणि दोघांच्या साली तासून एकत्र बांधायच्या. दोन-तीन महिने त्या कुंडीला पाणी घालत राहायचे. सांधा जुळला की हळूहळू कापून वेगळे करायचे. एका झाडावर अशी कलमे ठरावीकच होत. ज्याच्याकडे मोठी हापूसची झाडे, त्याच्याकडेच कलमे. माणूस जास्त लागे, माल कमी निघे आणि कलम महाग पडे.

दापोलीच्या शास्त्रज्ञांनी कोय कलमाची पद्धत कोकणासाठी नीट बसवून दिली. पावसाच्या सुरुवातीला रायवळ आंब्याच्या कोयी गादीवाफ्यात रुजवायच्या. दहा-पंधरा दिवसांत तांबूस, कोवळा कोंब वर येतो. तो कोयीसकट काढायचा, वरचे टोक छाटायचे, मधोमध चीर द्यायची. हापूसच्या तीन-चार महिन्यांच्या फांदीची काडी पाचरीसारखी तासून त्या चिरेत बसवायची, प्लॅस्टिकची पट्टी घट्ट गुंडाळायची आणि पिशवीत लावायची. बस्स. झाडापाशी जायला नको, माच नको, महिनोन्महिने कुंड्यांना पाणी नको. काडी मात्र खात्रीच्या झाडाची हवी आणि हात स्वच्छ व जलद हवा. हात बसलेला माणूस दिवसाला शंभरावर कलमे बांधतो.

यात एक गोष्ट चटकन लक्षात येत नाही: महिना. कोय कलमाचा हंगाम जुलै-ऑगस्ट. आंजर्ल्याचे वर्ष डोळ्यांपुढे आणा. एप्रिल-मे आंब्याचा. जून-जुलैत भाताची लावणी. नोव्हेंबरपासून मोहोराची राखण, तुडतुडे आणि भुरीसाठी फवारणी. मासेमारीला पावसाळ्यात बंदी. हर्णैच्या होड्या आमच्या खाडीत येऊन विसावतात आणि नारळी पौर्णिमेची वाट बघतात. लावणी संपल्यापासून श्रावण सरेपर्यंतचे आठवडे आमच्याकडे उसनवारीचे असत. किराणा दुकानदाराच्या वहीत याच दिवसांत सगळ्यांची पाने भरत. नेमक्या या रिकाम्या दिवसांत कोय कलमाने काम आणले. भाड्याच्या खोल्या बांधून दापोलीला जे मिळाले, त्याहून हे वेगळे होते. याला भांडवल लागत नव्हते. एक धारदार चाकू, पट्ट्या आणि शिकलेला हात एवढे पुरे होते.

आमच्याकडे दर पावसाळ्यात कलमे बांधायला येणारे एक काका आहेत. आता सत्तरीला आले आहेत. तरुणपणी ते दापोलीला काही पावसाळे रोजंदारीवर रोपवाटिकेत होते. तिथे बघून बघून हात बसला. त्यांना मी विचारले, “काका, तुम्हाला हे शिकवलं कोणी?” ते म्हणाले, “शिकवलं असं नाही. साहेब पोरांना दाखवत होते, मी कोयी आणून देत होतो. पोरं परीक्षा देऊन गेली, माझ्या हातात राहिलं.” मग पट्टी गुंडाळता गुंडाळता म्हणाले, “भात लावून झालं की माझा हंगाम. बाकी लोकांचा तेव्हा उपास.” त्यांनी पुढे दोन पुतण्यांना आणि शेजारच्या गावातल्या चार-पाच जणांना शिकवले. विद्यापीठाच्या कुठल्याही अहवालात हे सहा-सात रोजगार मोजलेले नसणार. मोजायला त्यांची कुठे नोंदच नाही.

कसबाला गिऱ्हाईक मिळाले १९९० मध्ये

पण नुसत्या कसबाने रोजगार होत नाही. कलम विकत घेणारा कोणीतरी लागतो. कोकणातला लहान शेतकरी वरकस जमिनीवर खड्डे खणून, कलमे विकत आणून, पाच-सात वर्षे फळाची वाट पाहू शकत नव्हता. ही अडचण सुटली ती वेगळ्याच खात्याकडून. महाराष्ट्राची रोजगार हमी योजना १९७२ च्या दुष्काळाच्या अनुभवातून उभी राहिली आणि १९७७ साली तिचा कायदा झाला. १९९० मध्ये फळबाग लागवड या योजनेशी जोडली गेली. शेतकऱ्याच्या स्वतःच्या जमिनीवर खड्डे खणणे, कलमे लावणे आणि पहिली वर्षे ती जगवणे यांची मजुरी व खर्च योजनेतून मिळू लागला.

त्याबरोबर कलमांची मागणी एकदम वाढली. नुसते आंब्याचे नाही, काजूचेही. वेंगुर्ल्याच्या केंद्राने काजूच्या ‘वेंगुर्ला’ मालिकेतल्या जाती दिल्या होत्या. त्यांतली वेंगुर्ला ४ ही १९८१ ची, आणि मोठ्या बीची वेंगुर्ला ७ ही १९९७ ची. काजूची मृदकाष्ठ कलमे करता येत होती. भेट कलमाच्या जमान्यात ही मागणी पुरी करणे शक्यच नव्हते. विद्यापीठाच्या रोपवाटिका अपुऱ्या पडल्या आणि खासगी रोपवाटिका गावोगाव निघाल्या. दापोलीपासून सिंधुदुर्गापर्यंत महामार्गाच्या कडेला हिरव्या जाळीखाली पिशव्यांच्या रांगा दिसतात, त्यांची मुळे या काळात आहेत. पिशव्या भरायला बाया, कलमे बांधायला गडी, माती-शेणखत आणायला टेम्पो, विक्रीला माणूस. विद्यापीठाने दिलेले ज्ञान आणि सरकारने निर्माण केलेली मागणी एकत्र आली तेव्हा रोजगार झाला. दोघांपैकी एक नसता तर दुसरे वाया गेले असते. मला सापडलेला मुख्य धडा हाच.

याच्या उलट उदाहरणही आहे. रत्ना हा आंबा विद्यापीठाने नीलम आणि हापूस यांच्या संकरातून काढला आणि १९८१ मध्ये दिला. हापूसपेक्षा नियमित येतो, त्यात साका होत नाही. त्यानंतर रत्ना आणि हापूस यांच्या संकरातून सिंधू आला. त्याची कोय अगदी पातळ. शास्त्रज्ञाच्या दृष्टीने दोन्ही मोठी कामे. तरी बाजारात पेटी हापूसचीच मागतात, म्हणून बागाही हापूसच्याच लागल्या. गिऱ्हाइकाने ओळखले नाही तर उत्तम जात बागेच्या कोपऱ्यात एक-दोन झाडांपुरती राहते.

कोणाच्या हाती काय आले

फळबागेचा फायदा सर्वांना सारखा झाला का? नाही, आणि त्याचे कारण विद्यापीठाच्या आवाक्याबाहेरचे आहे. कोकणातली जमीन खोतीतून आलेली. १९४९ च्या कायद्याने खोती गेली, पण सातबाऱ्यावरची नावांची गर्दी राहिली. एका गटाला वीस-पंचवीस हिस्सेदार, त्यांतले निम्मे मुंबईत, काही वारलेले आणि वारसनोंद न झालेले. योजनेचा लाभ घ्यायचा तर नावावर जमीन किंवा हिस्सेदारांची संमती हवी. ज्याचे सातबाऱ्यावर एकट्याचे नाव, तो पुढे गेला. जो पिढ्यान्‌पिढ्या कसत होता पण कागदावर नव्हता, तो दुसऱ्याच्या बागेत खड्डे खणायला गेला. त्याला मजुरी मिळाली, झाड मिळाले नाही.

झाडे मोठी झाली तेव्हा दुसरा बदल आला. मालक मुंबईत, बाग गावात; मग बाग कराराने द्यायची. करार घेणाऱ्याला त्याच वर्षीचे पीक हवे असते. हापूस मुळात एक वर्षाआड येणारा. विद्यापीठाने पॅक्लोब्युट्राझॉलच्या वापराची शिफारस दिली. आमच्याकडे त्याला ‘कल्टार’च म्हणतात. झाडाच्या घेराच्या दर मीटर व्यासाला ३ मिलिलिटर, १५ जुलै ते १५ ऑगस्टच्या दरम्यान, बरोबर खतांची पुरेशी मात्रा. अशा रीतीने वापरले तर झाड दरवर्षी मोहोरते. पण पुढच्या वर्षी बाग आपल्याकडे असेलच याची खात्री नसलेला माणूस मात्रा वाढवतो आणि खताचा खर्च वाचवतो. झाड दमते. शिफारस योग्य, करार अयोग्य, भुर्दंड झाडाला. ज्ञान ज्या व्यवस्थेत उतरते, त्या व्यवस्थेचा रंग त्याला लागतो.

आणि राखणदार? आज आमच्या भागातल्या मोठ्या बागांत बहुतेक ठिकाणी नेपाळी माणूस असतो. तो कुटुंब घेऊन बागेतच राहतो, फवारणी करतो, झेल्याने आंबा उतरवतो, पेट्या भरतो. इथल्या तरुणाला ते काम नको असते, कारण ते आठ महिन्यांचे आहे आणि मुंबईचे, कितीही हलके असले तरी, बारा महिन्यांचे. रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या २००१ च्या जनगणनेत १६,९६,७७७ होती. २०११ मध्ये १६,१५,०६९ झाली. राज्याची लोकसंख्या वाढत असताना जिल्ह्याची ऐंशी हजारांहून जास्त घटली. दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया, म्हणजे पुरुष बाहेर आहेत. चाळीस वर्षे विद्यापीठ असून हे घडले. म्हणून विद्यापीठ निरुपयोगी, असा निष्कर्ष काढणे सोपे आहे आणि चुकीचेही. विद्यापीठाने काम निर्माण केले, पण बारमाही काम निर्माण केले नाही. आमचा तरुण थांबतो की जातो, ते याच फरकावर ठरते.

वादळानंतरची पाच वर्षे

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या बाजूने किनाऱ्याला लागले. दापोली आणि मंडणगड तालुक्यांना त्याने झोडपले. आंजर्ले, केळशी, हर्णै, मुरुड या गावांतल्या नारळी-पोफळीच्या वाड्या दोन-तीन तासांत आडव्या झाल्या. श्री. ना. पेंडशांच्या कादंबऱ्यांतून मराठी वाचकाला ओळखीची झालेली ती गर्द सावली एका दुपारी गेली. आमच्या वाडीत दुसऱ्या दिवशी उभे राहिल्यावर मला प्रथमच घरातून थेट आकाश दिसले.

सरकारने बागायतीला हेक्टरी ५०,००० रुपये जाहीर केले. आंजर्ल्यात वाडी हेक्टरात नसते, गुंठ्यांत असते. दहा गुंठ्यांना साधारण पाच हजार. शिफारशीप्रमाणे २.७ मीटर अंतराने लावल्या तर दहा गुंठ्यांत १३५ च्या आसपास पोफळी बसतात. म्हणजे एका पोफळीला चाळीस रुपयेही नाहीत. ओरड झाल्यावर झाडामागे हिशेब धरायचे ठरले: नारळाला २५० आणि सुपारीला ५० रुपये. पोफळ फळायला पाच ते सात वर्षे लागतात.

त्या दिवसांत विद्यापीठाचा खरा उपयोग काय असतो, ते उघडे पडले. पैशापेक्षा अवघड प्रश्न रोपांचा होता. नारळाचे रोप तयार व्हायला वर्षभर लागते. मागणी दसपट झाली म्हणून ते दसपट होत नाही. सुपारीची ‘श्रीवर्धनी’ जात देणारे श्रीवर्धनचे केंद्र तर वादळाच्या वाटेतच होते. पुन्हा लावताना काय लावायचे, हाही प्रश्न होता. भाट्येच्या केंद्राने पूर्वीच ‘लाखीबागे’ची कल्पना मांडली होती: नारळाच्या सावलीत जायफळ, दालचिनी, मिरी, केळी, अननस अशी मांडणी, म्हणजे एकाच जमिनीतून वर्षभर काही ना काही हाती लागते. या कल्पनेत उत्पन्न वाढते हे सगळे सांगतात. माझ्या दृष्टीने अधिक मोलाचे ते हे की काम वर्षभर पसरते. मिरी काढणे, जायपत्री वाळवणे, दालचिनीची साल सोलणे यांचे महिने वेगवेगळे आहेत. कोय कलमाने जसे श्रावणातले रिकामे आठवडे भरले, तसेच लाखीबाग बाकीचे भरू शकते. नव्याने लावणी करणाऱ्यांपैकी ज्यांना हे आधी माहीत होते, त्यांनी नारळ लावतानाच मधल्या जागा आखून ठेवल्या. ज्यांना नव्हते, त्यांनी जुन्यासारखेच लावले किंवा त्या जागी पर्यटकांसाठी खोल्या बांधल्या. खोल्या बांधणाऱ्यांना मी नावे ठेवत नाही. कड्यावरच्या गणपतीला आणि कासवांच्या पिल्लांना पाहायला येणाऱ्या पाहुण्यांनी त्या पडझडीत अनेक घरे सावरली.

मोजायचे ते काय

अ‍ॅना व्हॅलेरो आणि जॉन व्हॅन रीनन या अर्थशास्त्रज्ञांनी ७८ देशांतल्या सुमारे १५,००० विद्यापीठांचा १९५० पासूनचा पट तपासला. एखाद्या प्रदेशातल्या विद्यापीठांची संख्या दहा टक्क्यांनी वाढली, तर तिथले दरडोई उत्पन्न सुमारे ०.४ टक्क्यांनी जास्त आढळते, असे त्यांना दिसले. आणि हा परिणाम केवळ विद्यापीठाने केलेल्या खर्चाचा नाही. शिकलेल्या माणसांचा आणि नव्या कल्पनांचा त्यात वाटा आहे, असेही ते सांगतात. आकडा लहान वाटेल, पण दापोली-आंजर्ल्यात मला जे दिसले त्याच्याशी त्याची दिशा जुळते. खर्च ही परिणामाची लहान बाजू आहे.

तरी आपल्याकडे विद्यापीठाचा हिशेब मागताना आपण मंजूर पदे, इमारती, प्रवेशसंख्या आणि जाहीर केलेल्या जातींची यादी विचारतो. या यादीत मला आणखी काही ओळी हव्या आहेत. आवाराबाहेर किती माणसे कलमे बांधतात? त्यांतल्या किती बायका आहेत? नारळ उतरवणारे पाडेली मिळेनासे झाले आहेत. त्या कामाचे सुरक्षित साधन वापरायला किती जणांना शिकवले? जायफळ, दालचिनी, कोकम यांच्या प्रक्रियेतून गावात वर्षाचे किती महिने काम राहते? २०१८ मध्ये हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले. त्या नोंदणीत दापोलीच्या विद्यापीठाबरोबर आमच्या शेजारच्या केळशी परिसरातल्या आंबा उत्पादकांचा सहकारी संघही मानकरी आहे. विद्यापीठ आणि गावचा संघ एका कागदावर बरोबरीने आले, ही मला नव्या जातीइतकीच मोठी गोष्ट वाटते. कारण १९९० मध्ये जे सरकारच्या योजनेने केले, म्हणजे कसबाला गिऱ्हाईक मिळवून दिले, ते पुढे अशा संघांनाच करावे लागणार आहे. त्या मानांकनाचा दर पेटी भरणाऱ्या हातापर्यंत किती पोचतो, हे मात्र अजून मोजायचे आहे.

कर्वे, परांजपे, काणे शिकायला बाहेर गेले आणि त्यांचे शिक्षण बाहेरच्या जगाच्या कामी आले. त्याची आम्हाला खंत नाही, अभिमान आहे. पण कृषी विद्यापीठाचे शिक्षण वेगळे आहे. ते इथल्या मातीबाहेर फारसे कामाचे नाही. हापूसच्या काडीला कोकणचा पाऊस लागतो. म्हणून ते शिकलेला माणूस इथे थांबू शकतो की नाही, यावरच त्याची परीक्षा व्हायला हवी.

यंदाच्या पावसाळ्यात काकांना दिसायला कमी येते म्हणून त्यांचा धाकटा पुतण्या आला होता. पडवीत पोत्यावर बसून त्याने आमच्यासाठी तीस-चाळीस काड्या बांधल्या; काका शेजारी बसून चीर बघत होते. पुतण्या मुंबईला कुरिअरच्या कामावर असतो, गणपतीपर्यंत सुट्टी काढून आला होता. मी त्याला विचारले, वर्षभर असे काम मिळाले तर राहशील का? तो हसला नाही. “किती महिने मिळेल ते सांगा,” म्हणाला, “मग सांगतो.” माझ्याकडे उत्तर नव्हते. सध्या ते तीन-चार महिन्यांचे आहे.